कळशीभर जुनं पाणी

सोनेरी मासे माझ्या विटाळानं मरतात, असा निकाल आमच्या सायखेड्याच्या घराच्या ओट्यावर लागला, तेव्हा मी आत भाकऱ्या थापत होते. निकाल देणाऱ्या होत्या माझ्या चुलतसासूबाई. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची. मासा त्यांनी आयुष्यात पाहिला तो कालवणातच, पण बोलायच्या अशा की पोथीच वाचून दाखवतायत. "लोनच्याला हात लागला तर लोनचं नासतं, पानमळ्यात गेली तर येल करपतो, मंग हे मासे कसे जगतील?" असं म्हणून त्यांनी चहाची बशी फुर्र केली. सासरे, म्हणजे नाना, अडकित्त्यानं सुपारी कातरत राहिले. सासूबाई, त्यांना मी आई म्हणायचे, त्यांनी अक्कांच्या बशीत आणखी चहा ओतला. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की हातातली भाकरी तव्यावर पडायच्या ऐवजी चुलीत पडली.

मी मूळची नाशिक शहरातली. प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी झाले आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन गोदाकाठच्या या गावात आले. नवरा ओझरच्या विमान कारखान्यात. सकाळी डबा घेऊन बस पकडायची आणि संध्याकाळी चहा पिऊन भिंतीला टेकायचं, एवढाच त्याचा घराशी संबंध. घरात द्राक्ष, कांदा आणि दोन म्हशी. माझी डिग्री ट्रंकेत, साड्यांच्या खाली. "बीएस्सी बाईनं धार काढली तर म्हैस जास्त दूध देती का गं?" असं नाना चेष्टेनं विचारायचे. मी हसायचे, पण ते लागायचं.

गोठ्यामागे विहिरीचं पाणी साठवायचे तीन सिमेंटचे हौद होते. मळ्यात ठिबक बसवल्यापासून ते कोरडे पडले होते आणि त्यात कोंबड्या अंडी घालायच्या. माहेरी मी काचेच्या पेटीत मासे पाळायचे, तेव्हा ते हौद बघून हात शिवशिवले. नाशिकच्या एका दुकानातून गोल्डफिश आणले, थोरला हौद घासून भरला आणि त्यात सोडले. वर्षाच्या आत पिल्लांनी मधला हौद भरला, मग धाकटा. गल्लीतले लोक येता-जाता विचारायचे, "काय वहिनी, कालवनाला कवा काढायचे?" हे मासे खायचे नाहीत, नुसते बघायचे, हे सांगितलं की ते माझ्याकडे असं बघायचे, जसं डोक्यावर परिणाम झालेल्या माणसाकडे बघतात.

आई पहिल्यांदा लांबूनच नाक मुरडायच्या. मग एक दिवस मी उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून पिल्लांना घालत होते, तर मागे येऊन उभ्या राहिल्या. "अगं बया, बाळंतिनीवानी लाड हायेत की यांचे!" म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी बलक त्यांनीच पिळला. त्यानंतर त्यांना कोणी हौदापासून लांब करू शकलं नाही. आम्हा दोघींचं जे काही जमलं ते त्या हौदांच्या कठड्यावर जमलं, स्वयंपाकघरात नव्हे.

कोरं पाणी माशाला मानवत नाही. नव्या पाण्यात मासे सोडायच्या आधी थोडं मुरलेलं जुनं पाणी त्यात घालायचं, ही युक्ती मला नाशिकच्या दुकानदारानं सांगितली होती. मी ती आईंना सांगितली तर त्या खळखळून हसल्या. "म्हंजे इरजनच की! येवढं सांगाया त्याला दुकान टाकावं लागलं व्हय?" आईंचं दही म्हणजे गल्लीत नावाजलेलं. सुरीनं कापावं असं घट्ट. शेजारणी विरजणाला वाटी घेऊन आमच्याकडे यायच्या. तेव्हा पाण्याचं विरजण त्यांच्याच हाती गेलं. एक तांब्याची जुनी कळशी त्यांनी त्यासाठी वेगळी काढली. नवं पाणी भरलं की थोरल्या हौदातून एक कळशी त्यात. थोरला सगळ्यात जुना, त्यातले मासे तळहाताएवढे, धष्टपुष्ट, म्हणून विरजण त्याचंच.

त्याच सुमाराला शहरात वास्तूचं खूळ आलं. ईशान्येला माशांची पेटी ठेवली की घरात बरकत येते म्हणे. दवाखान्यात मासे, दागिन्यांच्या दुकानात मासे. मी पिल्लं दुधाच्या किटल्यांत घेऊन एसटीनं नाशिकला जायचे आणि रिकाम्या किटल्या घेऊन परत यायचे. माझ्या हातात माझे पैसे आले. ब्लाउजपीससुद्धा विचारून घ्यायची सवय मोडली. ट्रंकेतली डिग्री मी एकदा बाहेर काढून नुसती बघितली आणि पुन्हा ठेवली.

पण कावळा शिवला की सगळं थांबायचं. चार दिवस पुढच्या खोलीत वेगळं ताट, वेगळी सतरंजी, कशाला शिवायचं नाही. हौदांचं सगळं आई बघायच्या. माहेरी आमच्याकडे हे पाळत नसत. लग्न झाल्यावर मी पाळलं, कारण नवीन नवरीला वाद घालता येत नाही, आणि खरं सांगू का, चार दिवस धुणंभांडी सुटायची ते बरंही वाटायचं.

मग एका वर्षी पावसाळा सरता सरता मधल्या हौदातली पिल्लं वर येऊन तोंडं उघडायला लागली. कल्ल्यांची झाकणं फेंदारलेली, अंगावर चिकट थर, आणि पाणी बघावं तर निवळशंख. सकाळी गेलं की तरंगणारी पिल्लं झाऱ्यानं काढायची. मी पाणी बदललं, खाणं कमी केलं, काही उपयोग झाला नाही. आणि हे सगळं नेमकं माझे चार दिवस झाले की त्यानंतरच्या आठवड्यात. एकदा झालं, पुन्हा झालं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, असं मी म्हणत राहिले. पण अक्कांना तेवढंच हवं होतं. मी पाळते चार दिवस, तरी मासे मरतात, म्हणजे मी लपून शिवते, असं त्यांनी ठरवलं. नंतर तर माझी सावली पडते इथपर्यंत मजल गेली.

मधला हौद संपत आला तेव्हा नानांनी तोंड उघडलं. "बास झाला ह्यो खेळ. आता धाकटा बी गेला की तिन्ही फोडायचे. कांद्याच्या चाळीला जागा पायजेच हाय." नाना वाईट माणूस नव्हते. पण घरात रोज मेलेले मासे निघतात हे त्यांना अभद्र वाटत होतं, आणि त्यांनी एकदा सांगितलं की विषय संपला. त्यांनी पहार आणून गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवली. मी येता-जाता ती पहार बघायचे. ते हौद गेले असते तर माझं या घरातलं जे काही माझं होतं ते सगळं गेलं असतं. मी पुन्हा ताट वाढणारी बीएस्सी झाले असते.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. मधल्या हौदातली शेवटची धुगधुगी असलेली पिल्लं, थोरल्यातला एक दांडगा मासा आणि तिन्ही हौदांचं पाणी बरण्यांत भरून मी नाशिकला माझ्या जुन्या कॉलेजात गेले. एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, "प्रसाद हाय का?" म्हटलं, "हो, बघा ना." तिनं बरणीत डोकावलं आणि सरकून बसली.

आमचे सर अजून तिथेच होते. केस पांढरे झाले होते, आवाज तोच. त्यांनी मला सूक्ष्मदर्शक उघडून दिला आणि वर्गावर निघून गेले. मी पिल्लाच्या कल्ल्यावरचा थर हलकेच खरवडून काचेवर घेतला आणि डोळा लावला. हात्तिच्या! परीक्षेत अमिबाची आकृती मी तोंडपाठ काढायचे, पण जिवंत कधी बघितला नव्हता. आम्हाला दाखवायचे तो रंगवलेला, मेलेला, काचेत चिकटलेला. इथे तो सरकत होता. काचेसारखा लिबलिबीत गोळा, एका बाजूनं बोट काढायचा आणि बाकीचं अंग त्या बोटात ओतायचा. एक नव्हता. पिल्लाचा कल्ला त्यांनी झाकून टाकला होता. माझं लेकरू श्वास कुठून घेणार होतं? मला तिथे त्या उंच स्टुलावर बसून रडू आलं आणि रागही आला. विटाळ म्हणे!

थोरल्यातल्या दांडग्या माशाचा कल्ला खरवडून पाहिला तर त्यातही अमिबा निघाले. थोडे, पण होते. आणि तो मासा तर बरणीत शेपटी आपटून पाणी उडवत होता. धाकट्या हौदाच्या पाण्यात मात्र शोधशोध शोधून एखादा. सर परत आल्यावर मी त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "अगं, तो कुठल्या पाण्यात नसतो? डबक्यात असतो, नदीत असतो. मोठ्या, मोकळ्या माशाला तो फारसा काही करत नाही, मासा त्याला अंगावर घेऊन मजेत फिरतो. पण पिल्लांची दाटी झाली, तळाला घाण साचली आणि त्यात भरपूर अमिबा येऊन पडले, की मग कल्ल्यावर चढतो." मिठाचं पाणी देऊन बघ, गर्दी कमी कर, म्हणाले.

परतीच्या बसमध्ये माझ्या डोक्यात एकच भुंगा. थोरल्या हौदातला अमिबा एवढ्या संख्येनं मधल्या हौदात गेला कसा? मध्ये सिमेंटची जाड भिंत. त्याला पाय फुटतात हे खरं, पण एवढे लांब नाहीत.

उत्तर मला दोनच दिवसांत मिळालं, आणि तेही मी पुढच्या खोलीत बाजूला बसले असताना. सकाळची वेळ. घरात कोणी नव्हतं. मी सतरंजीवर बसून भिंतीकडे बघत होते आणि एकदम वाटलं, आपण का बसलोय इथे? उठले आणि अनवाणी गोठ्यामागे गेले. आई थोरल्या हौदातून कळशी भरत होत्या. भरलेली कळशी त्यांनी कमरेवर घेतली आणि धाकट्या हौदात ओतली. नवं पाणी भरलं नव्हतं, काही नव्हतं. नुसतीच ओतली. पुन्हा दुसरी भरली. आणि पिल्लांशी बोलत होत्या, "घ्या रं लेकरांनो, थोरल्यांचं पानी घ्या. जरा दम धरा. वाळले पार."

अमिबाचे पाय म्हणजे ही कळशी. मी बाजूला बसले की त्या हे दर वेळी मधल्या हौदात करत होत्या, आता धाकट्यात. पिल्लं जराशी मलूल दिसली की थोरल्या हौदाचं विरजण. दही नीट लागलं नाही की आपण काय करतो? चांगल्या दह्याची आणखी कवडी घालतो. त्यांनी तेच केलं. सगळ्यात धडधाकट माशांचं पाणी कळशी कळशीनं सगळ्यात नाजूक माशांना पाजलं.

"आई, थांबा!" मी ओरडले. त्या दचकल्या, मला बघून मागे सरल्या. "अगं, तू कशाला आली हितं? लांब हो!" मी लांब झाले नाही. कळशीचा काठ धरला आणि तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगितलं, कल्ले, अमिबा, थोरला हौद, सगळं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग काळवंडला.

"म्हंजे मी मारले?"

"तुम्ही नाही. कळशीतल्या अमिबानं."

"कुठंय? दाखीव मला."

"तो डोळ्यांना दिसत नाही, आई."

"वा गं वा! जो दिसत न्हाई त्यो मारतो म्हनं, आन् इटाळ तेवढा मारत न्हाई?"

एवढं नेमकं उलट उत्तर मला कॉलेजात कोणी दिलं नव्हतं. पण मीही त्यांचीच सून. म्हटलं, "विटाळ तरी कुणाला दिसलाय? तुम्ही बघितलाय? अमिबा मी बघून आलेय." त्यांनी कळशी खाली ठेवली आणि त्या घरात गेल्या.

संध्याकाळी ओटा भरला. नाना, नुकताच आलेला नवरा, चहाच्या वासानं आलेल्या अक्का. मी शिवले होते हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. अक्कांनी नुसतं "काय बाई कलियुग" एवढंच म्हटलं, आणि नाना पहारीकडे बघायला लागले. आई उंबऱ्यात बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. तेव्हा मला एकच वाक्य बोलायचं होतं आणि माझी सुटका होती. चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला देता, विचारा कळशी कुणाची, एवढंच. पण ते वाक्य मी गिळलं. उद्या अक्का आईंच्या नावानं गल्लीभर डांगोरा पिटतील हे मला लख्ख दिसत होतं. माझ्या गळ्यातला फास काढून दुसऱ्या बाईच्या गळ्यात घालायचा असेल तर मग मी शिकले कशाला?

मी उभी राहिले. "मासे एका किड्यानं मेले, मी तो डोळ्यांनी बघितलाय. आजपासून धाकट्या हौदाला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. माझ्या चार दिवसांतसुद्धा मीच जाणार, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या समोरून. पुढच्या महिन्यात हौद मेला तर ही पहार मीच उचलीन."

नवरा म्हणाला, "अगं, लोक काय म्हणतील?" म्हटलं, "लोकांना हौदावर पाठव, मी सांगते त्यांना." नानांनी मिशी चोळली. मग म्हणाले, "एक महिना. मंग मला बोल लावू नको."

तो महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत. मधला हौद रिकामा करून चुन्यानं घासला, उन्हात कडकडीत वाळवला आणि धाकट्यातली निम्मी पिल्लं त्यात घातली, म्हणजे दाटी मोडली. जुनं पाणी थेंबभरही नाही. विहिरीचं पाणी ड्रममध्ये भरून उन्हात मुरवून तेच वापरलं. खडेमिठाची गोणी नवऱ्यानं आणून दिली, न मागता. त्याचं बंड तेवढंच, पण मी ते विसरले नाही. मिठाच्या पाण्यात पिल्लं बुडवून काढायची, पुन्हा हौदात सोडायची. प्रत्येक हौदाची बादली वेगळी, जाळी वेगळी. सुरुवातीला रोज चार-दोन मेलीच. आईंनी ती कळशी ओतल्याला फार दिवस झाले नव्हते. मेलेलं पिल्लू झाऱ्यात घेऊन मी अंगणातून जायचे तेव्हा अक्कांच्या ओट्यावरून खाकरल्याचा आवाज यायचा. एकदा तर वाटलं, संपलं. हौदाच्या कठड्यावर डोकं ठेवून मी मनातल्या मनात त्या अमिबाला शिव्या घातल्या, ज्या इथे लिहिता येणार नाहीत.

मग मरणं थांबलं. एक दिवस झाऱ्यात काही आलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आणि त्याच आठवड्यात कावळा शिवला. मी खाण्याचा डबा घेतला आणि ओट्यावरून, नानांच्या समोरून, अंगणात आले. अक्का पलीकडून म्हणाल्या, "आज हायेस ना गं बाजूला?" म्हटलं, "आहे की. आज पहिला दिवस. येता का बघायला?" नाना घाईघाईनं उठून मळ्यात गेले. मी हौदात हात घातला, कोपरापर्यंत. पिल्लं बोटांना येऊन टोचायला लागली. त्यांना काही सोयरसुतक नव्हतं.

महिना सरला. पिल्लं बोटाच्या पेराएवढी झाली, पोटावर सोनेरी रंग धरायला लागली. नानांनी एका सकाळी पहार उचलली आणि रस्त्याच्या कडेला कांद्याच्या चाळीसाठी खड्डे घेतले. पुढच्या खोलीतली सतरंजी मी धुऊन, घडी करून माळ्यावर टाकली. त्यानंतर मी बाजूला बसले नाही, आजतागायत. आईंनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. ती तांब्याची कळशी मात्र त्यांनी घासूनपुसून फळीवर चढवली, आणि माझ्याशी मोजकंच बोलायच्या. मला वाटलं, हौद राहिले पण माणूस गेलं.

त्यानंतर एका दुपारी अक्का जेवायला आमच्याकडे होत्या. खिचडी, कांदा आणि वाटीत आईंच्या घरचं दही. अक्कांनी पहिली वाटी संपवली, दुसरी घेतली. मासे जगले त्याचं श्रेय त्यांनी हवापालटाला दिलं. "थंडी पडली ना, म्हनून जगले. हिच्या हट्टानं थोडेच?" माझा पारा चढला, पण आईंनी हातानंच मला थांबवलं.

"दही कसं झालंय, अक्का?" त्यांनी विचारलं.

"झ्याक! तुझ्या हाताला तोड न्हाई बघ. वडी पडंल इतकं घट्ट."

"माझा हात न्हाई त्यो. इरजन काल सूनबाईनं लावलं. मीच दुधाचं पातेलं तिच्या म्होरं सरकवलं." आईंनी खिचडीचा घास शांतपणे चावला, गिळला. "काल तिचा दुसरा दिस व्हता. आन् मासे बी तिच्या इटाळानं न्हाई मेले. सोवळ्यातली मी, माझ्या कळशीनं मेले. ती बोलली न्हाई, म्हनून मी सांगते." मग त्यांनी दह्याचं भांडं पुढे ओढलं आणि पळी बुडवली. "अजून वाढू का?"

अक्कांनी वाटीकडे पाहिलं. वाटी केव्हाच चाटूनपुसून रिकामी झाली होती.